दोन मिनिटांचा खेळ

(संस्थेच्या पाठीराख्यांच्या बीड येथील मेळाव्यात, आदिवासी मुलांच्या वसतिगृहात दातांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरबाईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी बोलणाऱ्यांनी जातीच्या दाखल्यांविषयी, गायरानावरच्या घरांविषयी, मुलींच्या शिक्षणाविषयी सांगितलं. त्यानंतर दात घासण्यावर बोलायचं म्हणजे भरल्या पंगतीनंतर बडीशेप फिरवल्यासारखं वाटेल. पण रात्रभर दाढ ठणकलेल्या मुलाला सकाळी पाढे आठवत नाहीत, भाकरी चावता येत नाही, आणि तो वर्गात गाल धरून बसतो. शाळेत नाव घातलं म्हणजे मूल शिकतंच असं नाही. त्याचं दुखणंही बघावं लागतं. म्हणून ही दहा-पंधरा मिनिटं मी तुमच्याकडून मागून घेते.

आजच्या विषयाला निमित्त झालं ते आपल्या एका पाठीराख्यांच्या पत्राचं. त्यांनी लिहिलं होतं, ‘आमचा नातू दात घासायला अजिबात तयार नसे. आता मोबाइलवर एक खेळ लावला की स्वतःहून ब्रश घेऊन उभा राहतो. आपल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी आम्ही मंडळीतर्फे काही टॅबलेट घेऊन दिले तर?’ प्रश्न प्रेमाने विचारलेला आहे आणि चांगला आहे. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात देता येत नाही. म्हणून आधी तो खेळ काय करतो ते सांगते, मग आपली मुलं कुठे राहतात ते, आणि शेवटी पैशांचा हिशेब.

खेळ काय करतो

दात घासण्याचे मोबाइल खेळ पुष्कळ आहेत. ‘पोकेमॉन स्माइल’ नावाचा एक खेळ २०२० साली आला. फोन समोर ठेवायचा, त्याच्या कॅमेऱ्यात मुलाचा चेहरा दिसतो. मूल जसं दात घासेल तसे पडद्यावरचे जंतू पळतात आणि त्यांनी कोंडून ठेवलेले छोटे प्राणी सुटतात. हात थांबला की सुटका थांबते. ‘डिस्ने मॅजिक टायमर’मध्ये दोन मिनिटांत एक चित्र हळूहळू उघडतं. ‘ब्रश डीजे’ इंग्लंडमधल्या एका दंतवैद्याने तयार केला. त्यात कार्टून नाही की राक्षस नाही. फोनमधलं गाणं दोन मिनिटं वाजतं, ते संपेपर्यंत घासायचं.

या खेळांमध्ये खरं औषध एकच आहे, ते म्हणजे वेळ. आपण मोठी माणसंसुद्धा अर्ध्या-पाऊण मिनिटात ब्रश धुऊन ठेवतो आणि दोन मिनिटं घासले असं समजतो. घड्याळ लावून बघा, दोन मिनिटं किती लांब असतात ते कळेल. मुलाला तेवढा वेळ एका जागी उभं करायचं तर काहीतरी गंमत लागते. ती गंमत खेळ पुरवतो. मूल रडत नाही, आई ओरडत नाही, आणि जीभ, गाल, मागच्या दाढा सगळीकडे ब्रश फिरवायची आठवण मिळते. एवढं काम हे खेळ करतात आणि त्यांची टिंगल करण्याचं कारण नाही.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अशा खेळांवर जे अभ्यास झाले ते बहुतेक काही आठवड्यांचे किंवा काही महिन्यांचे आहेत. तेवढ्या काळात मुलांचे दात अधिक स्वच्छ राहिल्याचं त्यांतल्या काहींत दिसतं. खेळ जुना झाल्यावर काय होतं, हा प्रश्न उरतो. घरात लहान मूल असलेल्यांना हे सांगायला नको. आज ज्या खेळासाठी जेवण सोडलं, तो महिन्याने उघडूनही बघत नाहीत. खेळ मुलाला ब्रशपर्यंत आणतो. तिथे ठेवायला दुसरं काही लागतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय कशी लागते याचा अभ्यास केला. ९६ जणांना रोज एक साधी गोष्ट ठरलेल्या वेळी करायला सांगितली. ती गोष्ट न आठवता आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवसांत जमली, तर कुणाला २५० दिवसही पुरेसे नव्हते. अभ्यास मोठ्या माणसांचा होता, पण त्यातली गोष्ट मुलांनाही लागू पडते: ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि रोज. हा ६६चा आकडा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

आपली मुलं

आता आपली मुलं. आपल्या जिल्ह्यातल्या पारधी आणि भिल्ल वस्त्या तुम्ही पाहिल्या आहेत. गावाच्या बाहेर, गायरानाच्या कडेला, नळाच्या शेवटच्या टोकाच्याही पुढे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडी, कोंबड्या, लेकरं भरून निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, पार कर्नाटकात बेळगावपर्यंत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. जिल्ह्यातून अशी लाखो माणसं जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. ज्यांची मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आपल्याकडे राहतात त्यांचं शिक्षण टिकतं. बाकीची मुलं कोपीत राहतात, धाकट्यांना सांभाळतात, वाढं गोळा करतात.

फडातल्या मुलाचं खाणं बघा. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात, गाडी भरायची पाळी रात्री कधीही येते. मुलाच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा, गोड चहा आणि दिवसभर चघळायला ऊस. तोंडात साखर सारखी राहिली की जंतू तिचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचं कवच खातं. एकदाच भरपूर गोड खाल्लेल्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं खाल्लेलं दातांना अधिक वाईट. जगभराची साखर ज्या हातांनी तोडली जाते त्यांच्याच लेकरांच्या दाढा पोखरलेल्या असतात, हे मला दर तपासणीत दिसतं.

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्याचा आहे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे ५१ कोटी मुलांच्या दूधदातांना कीड आहे. फरक एवढाच की शहरातल्या मुलाला दुखू लागलं की संध्याकाळी डॉक्टर मिळतो. आपल्या जिल्ह्यासाठी शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला. एका दाढेसाठी दोघांची मजुरी बुडवून आणि एस.टी.चं भाडं भरून तिथे जाणं फडातल्या माणसाला परवडत नाही. त्यामुळे तो घरचा उपाय करतो. आणि तो उपायच मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो.

मिश्री

किडलेल्या दाढेत तंबाखूची चिमूट भरायची. किंवा मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली पूड म्हणजे मिश्री, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. ठणका थोडा वेळ बधिर होतो हे खरं आहे. त्यामुळे उद्या पुन्हा चिमूट लागते, परवा दोन वेळा लागते. दाढ पडून जाते, तंबाखू राहते.

आमच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. हंगामाहून आई-बापांबरोबर परतलेली. चुणचुणीत, गणितात हुशार. तिच्या खालच्या दाढेत हरभरा मावेल एवढं भोक होतं आणि हिरडीवर काळसर थर होता. मी विचारलं, ‘मिश्री लावतेस?’ ती म्हणाली, ‘दुखायलं की आजी लावती. आता नसंल दुखत तरी लावते मी.’ या शेवटच्या वाक्यासाठी मी आज इथे उभी आहे. नऊ वर्षांच्या मुलीला तंबाखूचं व्यसन लागलं, ते उनाडपणामुळे नाही, वाईट संगतीमुळे नाही. तिला दोन वेळा दात घासायला कुणी शिकवलं नाही आणि दाढ दुखली तेव्हा औषध मिळालं नाही म्हणून.

केंद्र सरकारने १९९२ सालीच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावरची मिश्री कोणत्या कायद्याच्या कचाट्यात सापडणार? २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांपैकी जवळपास चौथा हिस्सा लोक धूर न होणारी तंबाखू वापरतात असं आढळलं. म्हणजे खाणं, चघळणं, दाताला लावणं. आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग इतका का आहे, त्याचं उत्तर यात आहे. आणि गरोदरपणी मिश्री लावणाऱ्या बायांची बाळं कमी वजनाची जन्मतात, हेही अभ्यासांतून दिसून आलं आहे.

वस्तीवर एका आईने मला विचारलं, ‘मिसरीनं दात घट्ट ऱ्हातेत म्हणतेत, हिरडीतून रगत येत न्हाई. खरंय का?’ तिचं निरीक्षण बरोबर होतं. तंबाखूमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. पण हिरडी आतून सडत असते आणि त्याची खबर देणारं रक्तच बंद झालेलं असतं. मी तिला म्हटलं, ‘राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधलं म्हणजे चोर येत नाही असं नव्हे.’ ती हसली. मिश्री लगेच सुटली असं मी सांगणार नाही. पण त्यानंतर तिने धाकट्या लेकीला लावणं थांबवलं.

म्हणून ब्रशची सवय म्हणजे नुसती पांढऱ्या दातांची हौस नाही. ज्या मुलाची दाढ दुखत नाही, त्याला मिश्रीची पहिली चिमूट लागत नाही.

वसतिगृहातले दिवस

गेल्या हंगामात दिवाळीनंतर मुलं आली तेव्हा वसतिगृहात आम्ही मोबाइलचा खेळ लावून पाहायचं ठरवलं. फोन माझाच. कॅमेऱ्याचा खेळ मुलांना भलताच आवडला. पण तो एका वेळी एकच चेहरा बघतो. चाळीस मुलं आणि प्रत्येकाची दोन मिनिटं धरली तर ऐंशी मिनिटं झाली. शाळेची घंटा तेवढी थांबत नाही. शिवाय खेळातल्या सूचना इंग्रजीत. पारधी घरातलं लेकरू घरी पारधी बोलतं, शाळेत मराठी शिकतं, त्याला तिसऱ्या भाषेतली सूचना काय कळणार?

मग आम्ही साधा मार्ग धरला. व्हरांड्यात फोन ठेवायचा, त्यावर दोन मिनिटांचं गाणं लावायचं, सगळ्यांनी एकाच वेळी घासायचं. हे बरं चाललं. कडेला उभं राहून मला मुलांचे हात बघता येऊ लागले. कोण नुसतंच पुढचे दात घासतं, कोण ब्रश चावतं, कोण पेस्ट गिळतं, हे दिसू लागलं. दोन-तीन आठवडे गेले, आणि मग गाण्याचा कंटाळा आला. मोठी पोरं म्हणू लागली, ‘बाई, दुसरा गेम लावा, गाडीचा.’ दात राहिले बाजूला, फोनभोवती गर्दी.

पुढचं काम मुलांनीच केलं. त्यांनी तोंडाचा फड केला. ऊस तोडताना एकेका कामगाराने धरलेला पट्टा म्हणजे पाथ. तोंडात सहा पाथी: वर उजवीकडे, वर मधे, वर डावीकडे आणि तशाच खाली तीन. एकेका पाथीला वीस मोजायचे. तेवढ्यात दात बाहेरून, आतून आणि चावायच्या बाजूने घासून व्हायला हवेत. सहा वीस एकशे वीस, म्हणजे दोन मिनिटं पूर्ण. मोजणारा पुढे उभा राहतो, त्याला म्हणायचं मुकादम. मुकादम रोज बदलतो. कुणाची पाथ राहिली तर तो ओरडतो, ‘ए, तुझ्या फडात ऊस उभा हाय!’ मुकादम व्हायला सगळ्यांनाच आवडतं, मुलींना विशेष.

एका शिक्षकांनी मला विचारलं, ‘ज्या कोयत्यापासून ही मुलं दूर राहावीत म्हणून आपण धडपडतो, त्याचाच खेळ कशाला?’ प्रश्न विचार करण्यासारखा आहे. मला वाटतं, मुलं जे बघतात तेच खेळतात. आई-बाप सहा महिने जिथे राबतात त्या जागेची त्यांना लाज वाटत नाही, उलट त्यांना ती जागा मनात जवळ ठेवायची असते. आणि या खेळात मुकादम रोज बदलतो, एवढं तरी खऱ्या फडापेक्षा चांगलं आहे.

एके दिवशी वीज नव्हती आणि फोनही बंद पडला होता. व्हरांड्यात मोजणी मात्र सुरूच होती. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की फोनचं काम झालं आहे. त्याने दोन मिनिटं किती असतात ते शिकवलं, बाकीचं मुलांनी स्वतःकडे घेतलं.

मघाशी सांगितलेला ६६ दिवसांचा आकडा आता आठवा. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे सवय रुजायला लागणारा काळ दुपटीहून अधिक वेळा त्यात बसतो. आई-बापांपासून दूर राहण्याचे हे महिने मुलांना जड जातात, पण एक चांगली सवय बरोबर घेऊन परत जाण्याइतके ते लांबही आहेत.

अशी सामूहिक पद्धत आपणच शोधली असंही नाही. स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ नावाच्या सरकारी कार्यक्रमात बालवाडीतली मुलं रोज एकत्र बसून दात घासतात. फिलिपाइन्समध्ये २००८पासून ‘फिट फॉर स्कूल’ कार्यक्रमात शाळेच्या आवारात मुलं रांगेने उभी राहून हात धुतात आणि फ्लोराइडच्या पेस्टने दात घासतात. एक देश श्रीमंत, दुसरा आपल्यासारखा. दोघांनीही शेवटी तेच केलं: ठरलेली वेळ, सगळे मिळून, आणि लक्ष ठेवायला एक मोठं माणूस.

ते मोठं माणूस आपल्याकडे म्हणजे वसतिगृहातल्या मावशी. मी पंधरा दिवसांतून एकदा येते, मावशी रोज असतात. आपल्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये काम सुरू केलं तेव्हा गावातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं, आणि त्याच बायांनी गावं बदलून दाखवली. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दातांचं काम त्याहून सोपं आहे. मावशींना मी चार गोष्टी शिकवल्या आहेत, त्या तुम्हीही घरी वापराव्यात म्हणून सांगते.

पहिली, रात्री झोपण्यापूर्वीचं घासणं सकाळपेक्षाही महत्त्वाचं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडात राहिलेल्या अन्नाला रात्रभर मोकळं रान मिळतं.

दुसरी, पेस्ट फ्लोराइडची असावी आणि थोडी असावी. तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात ती पेस्ट खपावी म्हणून. घासून झाल्यावर थुंकायचं, लगेच खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्या वस्त्यांना यातून आणखी एक फायदा: दात घासायला अर्धा पेला पाणी पुरतं.

तिसरी, आपल्या जिल्ह्यात काही ठिकाणी विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात. तो मळ नव्हे, घासून जात नाही. त्यावरून मुलाला घाणेरडं म्हणू नये, मंजनाने खरवडूही नये. अशा गावात आधी पिण्याचं पाणी तपासावं, आणि लहान मुलं पेस्ट गिळत नाहीत ना, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावं.

चौथी, सहाव्या वर्षाच्या सुमारास दूधदातांच्या मागे एक दाढ गुपचूप येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, म्हणून आई-बापांना ती दूधदाढ वाटते आणि ‘पडणारच आहे’ म्हणून ते तिच्याकडे लक्ष देत नाहीत. ती जन्मभराची दाढ आहे. आम्ही काढून टाकतो त्या दाढांमध्ये तीच पुष्कळदा असते. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या हाताला तिथपर्यंत नीट पोहोचता येत नाही, तोवर मोठ्याने ब्रश हातात घेतला पाहिजे.

फोन कशासाठी

मोबाइल निरुपयोगी आहे असं म्हणायला मी आलेले नाही. २०२२च्या ‘असर’ सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचं आढळलं. आपल्या कुटुंबांकडेही फोन असतो. पण तो मुलाजवळ नसतो, आई-बापांबरोबर फडात जातो. कोपीत वीज नसते, पैसे देऊन चार्ज करून आणावा लागतो. त्या फोनवर मुलाने खेळ खेळावा ही अपेक्षा करता येत नाही.

मात्र रात्री आठ-नऊच्या सुमारास वसतिगृहाचा फोन वाजतो. गाडी भरून झालेली असते, किंवा भरायची असते. पलीकडून आई विचारते, ‘जेवलास का? अभ्यास केलास का?’ आम्ही या आयांना एकच विनंती केली, आणखी एक प्रश्न विचारा: ‘दात घासलेस का?’ आता बऱ्याच आया विचारतात. आणि मी तुम्हाला सांगते, जगातल्या कुठल्याही खेळातला प्राणी त्या प्रश्नाची बरोबरी करू शकत नाही. मुलं फोन यायच्या आधी घासून तयार बसतात, कारण आईला ‘हो’ म्हणायचं असतं. एक धाकटा तर फोन कानाला लावून ‘ऐक’ म्हणतो आणि ब्रशचा आवाज ऐकवतो. शंभर-दीडशे कोसांवरच्या आईला लेकराचं एवढं तरी रोजचं करता येतं.

हिशेब

आता पत्राचं उत्तर. साधा चांगला ब्रश वीस-तीस रुपयांना मिळतो. तीन महिन्यांनी बदलायचा म्हणजे वर्षाला चार, सुमारे शंभर रुपये. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम. दोन वेळा धरून वर्षाला १८०-१८५ ग्रॅम, शंभर ग्रॅमच्या दोन नळ्या. एकूण एका मुलाचा वर्षाचा खर्च अडीचशे रुपयांच्या आत-बाहेर. दहा हजारांचा एक टॅबलेट घेतला तर तेवढ्यात चाळीस मुलांचं वर्ष निघतं. तेव्हा टॅबलेट पाठवू नका. घरात आवाज चांगला असलेला एखादा जुना फोन पडून असेल तर एका वसतिगृहाला तेवढा एक पुरे, सुरुवातीच्या महिन्यासाठी.

त्याऐवजी चार गोष्टी मागते. ब्रश आणि पेस्ट नियमित द्या, एकदाच ढीगभर नको, दर तीन महिन्यांनी. प्रत्येक ब्रशवर मुलाचं नाव असतं आणि भिंतीवर त्याचा स्वतःचा खिळा असतो. पुष्कळ मुलांची ती ‘माझी’ म्हणावी अशी पहिली वस्तू असते. दुसरं, मावशींच्या मानधनाला हातभार लावा, कारण ब्रश विकत मिळतो, रोज रात्री उभं राहणारं माणूस टिकवावं लागतं. तिसरं, मुलं उन्हाळ्यात वस्तीवर परततील तेव्हा ब्रश तुटलेला किंवा हरवलेला असेल, त्या महिन्यांतही आपली भेट चुकू देऊ नका. सवय तिथेच मोडते.

चौथं मागणं आपल्या सगळ्यांसाठी आहे आणि ते पैशाचं नाही. मिश्रीचा डबा वस्तीवरच असतो असं नाही. आपल्या मंडळीतल्या कितीतरी आयाबायांच्या ओसरीवर तो असतो, आणि उपासनेला निघण्याआधीही बोट त्यात जातं. मी कुणालाही दोष देत नाही, कित्येकींना ती दाढदुखीतूनच लागली असेल. पण आपण आदिवासी मुलींना जे सोडा म्हणतो ते आपल्या घरात नातवंडांसमोर सुरू असेल तर आपला शब्द हलका पडतो. आज संध्याकाळी घरी गेल्यावर तो डबा एकदा उघडून बघा आणि ठरवा. सोडणं अवघड वाटलं तर माझ्याकडे या. हिरडी तपासून देईन, दुखरी दाढ असेल तर आधी तिचा बंदोबस्त करू.

आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, सहा पाथींचा हा खेळ तुमच्या मुलांनाही शिकवा. वसतिगृहातली मुलं नाताळच्या कार्यक्रमाला येतील तेव्हा कोण चांगला मुकादम आहे ते बघू. मी आपल्या बाजूने पैज लावणार नाही, कारण वसतिगृहातल्या मुलींचा आवाज फार खणखणीत आहे.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो. सलाम.